शेतांमधली पाणथळ परत उभी केली, पण ती "यशस्वी" झाली हे ठरवायचं कशावरून?

चिखलवाट:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

शेतांच्या मधोमध एक सखल तुकडा आहे. पूर्वी तिथे पाणथळ होती, मग चर खणून आणि जमिनीखाली निचऱ्याचे पाईप टाकून ती कोरडी केली आणि कित्येक वर्षं तिथे पिकं घेतली. आता तो तुकडा शेतीतून काढलाय, चर बुजवले, पाईप फोडले, खालच्या अंगाला मातीचा छोटा बांध आणि पाणी कमीजास्त करायला फळ्यांचं दार, बस एवढंच. पाणी परत उभं राहायला लागलं त्याला आता तिसरं वर्ष. ज्यांनी काम केलं त्यांचा रिपोर्ट आलाय, "प्रकल्प यशस्वी". आधार काय, तर पाणी टिकतंय, ऐंशी टक्के क्षेत्रावर हिरवं आहे, आणि पक्ष्यांच्या जातींची भलीमोठी यादी. वर ड्रोनने काढलेले आधीचे नि नंतरचे फोटो. फोटो सुंदर आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण हिरवं म्हणजे नेमकं काय हे कुठेच लिहिलेलं नाही. जाऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त नुसतं पाणकणीस, डोक्यावरून जाईल एवढं उंच आणि इतकं दाट की आत शिरता येत नाही. पाणी शुद्ध होतंय म्हणतात पण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं सॅम्पल एकदाही घेतलेलं नाही. आणि वरच्या अंगाचे शेतकरी म्हणतायत आमच्या शेतात ओल वाढली, ते तर रिपोर्टात औषधालाही नाही.

तर अशी जागा खरंच सुधारली का हे बघायचं असेल तर मोजायचं काय, तुलना कशाशी करायची, आणि किती वर्षांनी बोलायचं? आमच्याकडे माणसं चार-पाच, पैसे जवळपास नाहीतच, पण वेळ आहे आणि चिखलात उतरायची तयारी आहे.

लव्हाळी:

चिखलवाट, पहिला प्रश्न तुम्हालाच उलटा विचारते. ही पाणथळ केली कशासाठी? म्हणजे कागदावर काय लिहिलं होतं? शेतातून वाहून येणारं नायट्रेट अडवायला, की पुराचं पाणी थोपवायला, की पक्ष्या-बेडकांसाठी, की जुनी झाडोरा-वनस्पती परत यावी म्हणून? बहुतेक प्रकल्पात "वरील सर्व" असं लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण ही सगळी उद्दिष्टं एकत्र नांदत नाहीत. ज्या पाणथळीत खताचं पाणी भरपूर येतं ती नायट्रेट मस्त खाते, पण त्याच खतावर पाणकणीस माजतं आणि बारीकसारीक वनस्पतींना जागाच उरत नाही. तुम्ही जे दाट रान बघून आलात ते जैवविविधतेच्या हिशेबात नापास आहे, आणि नायट्रेटच्या हिशेबात कदाचित पहिल्या वर्गात पास असेल. त्यामुळे एकच "यशस्वी" असा शिक्का मारणं याला खरं तर काही अर्थच नाही, उद्दिष्टागणिक वेगळा निकाल लावा.

दुसरं, तुलना. आधी आणि नंतरचा फोटो ही तुलना नव्हे. तीन वर्षांत पाऊसच बरा झाला असेल तर शेजारच्या न सुधारलेल्या खड्ड्यातही पाणी दिसेल. म्हणून दोन जागा लागतात, एक जवळपासची अशी पाणथळ जी कधीच आटवली गेली नाही (किंवा त्यातल्या त्यात कमी बिघडलेली), आणि दुसरी अशी सखल जागा जिथे अजून निचरा करून पीक घेतात. तुमची जागा दुसरीपासून निघून पहिलीकडे सरकतेय का, हे बघायचं. दोन्ही प्रकारच्या एकापेक्षा जास्त जागा मिळाल्या तर उत्तम, नाहीतर एका खड्ड्याच्या विक्षिप्तपणावरून आपण निष्कर्ष काढून बसतो. सुरुवातीच्या आधीचे आकडे असते तर सोन्याहून पिवळं, पण तुमच्याकडे ते नसणार, कोणाकडेच नसतात.

तिसरं, मोजायला सुरुवात पाण्यापासून करा, पक्ष्यांपासून नको. "पाणी टिकतंय" हे काही माप नव्हे. किती खोल, वर्षातले किती दिवस, कधी भरतं, कधी आटतं, हे पाहिजे. एक उभा खुणांचा दांडा रोवून दर आठवड्याला पातळी लिहून ठेवली तरी बरंच हाती लागतं, पैसे असतील तर पाण्याच्या दाबावरून पातळी आपोआप नोंदवत राहणारं यंत्र, म्हणजे लॉगर. आणि लोकांना वाटतं वर्षभर पाणी म्हणजे यश, तसं अजिबात नाही. कितीतरी पाणथळींचा स्वभावच भरण्याचा आणि आटण्याचा असतो. बारमाही केलीत की मासे टिकतात, मासे टिकले की बेडकांची पिल्लं फस्त. बेडूक हवे असतील तर आटणं हा दोष नाही, तीच तर गरज आहे.

मग माती. माती परत पाणथळीची झाली का ते बघायची एक स्वस्त युक्ती आहे. पीव्हीसी पाईपच्या तुकड्यावर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजासारखा तांबूस रंग चढवतात, तो पाईप चिखलात उभा खुपसून महिनाभर सोडायचा. मातीतला ऑक्सिजन संपलेला असेल तर तिथले जिवाणू तो लोहाचा रंग विरघळवतात. उपसून हलकेच धुतला की दिसतं, वर रंग शाबूत, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांनी, डागाडागांनी पांढरा पाईप उघडा पडलेला. डाग जिथून सुरू होतात तिथून खाली माती खरोखर गुदमरलेली आहे. आठ-दहा पाईप वेगवेगळ्या उंचीवर लावले की कुठली कड पाणथळ झाली आणि कुठली नुसती ओली आहे ते डोळ्याने कळतं, प्रयोगशाळा नको.

किती वर्षांनी बोलायचं याबद्दल: २०१२ मध्ये मोरेनो-मातेओस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ६२१ पाणथळींचा आढावा एकत्र केला होता, सुधारलेल्या आणि नव्याने बनवलेल्या. त्यात असं निघालं की पक्षी-वनस्पती वगैरे जैविक रचना मूळ पाणथळींच्या मानाने सरासरी २६ टक्के आणि कार्बन-नायट्रोजनचे व्यवहार २३ टक्के कमीच राहतात, अगदी शंभर वर्षांनंतरसुद्धा. मोठ्या, उबदार हवामानातल्या आणि नदीशी जोडलेल्या जागा लवकर सावरतात. तीन वर्षांत "यशस्वी" हे वाचून हसू येतं ते त्यामुळे.

बांधकरी:

वरची सगळी माहिती भारी आहे ताई, पण मी दुसऱ्या बाजूचा माणूस. माझी जमीन अशाच एका सुधारलेल्या पाणथळीला लागून आहे. उद्घाटनाला बोलावलं, हार घातला, नंतर कोणी फिरकलं नाही. पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी माझ्या खालच्या पट्ट्यात ट्रॅक्टर रुतायला लागला, पेरणी लांबली, त्या पट्ट्यातलं पीक पिवळं. मी म्हटलं पाणी मागे फुगतंय, ते म्हणाले पाऊस जास्त झाला. आता सांगा खरं कोणाचं? माझ्याकडे आकडा नाही, त्यांच्याकडेही नाही, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

ते दांडे-पाईप पाणथळीत लावताय ना, तसेच दोन-चार बाजूच्या शेतात पण लावा. भोकं पाडलेला पाईप जमिनीत उभा, आत भूजल किती खाली आहे ते मोजायचं, बांधापासून सुरू करून शेताच्या आतपर्यंत एका ओळीत. पाणी फुगत असेल तर बांधाजवळच्या पाईपात आधी चढेल आणि लांबच्यात नाही. पाऊसच जास्त असेल तर सगळ्यात सारखं चढेल. एवढं सोपं आहे, पण लावत नाहीत कारण उत्तर नको असतं.

आणि जुने निचऱ्याचे पाईप फोडले म्हणता, ते वरच्या शेतातून येत होते का ते बघितलं होतं का कोणी? माझ्याकडे नकाशाच नव्हता, आजोबांच्या काळातले पाईप, कुठून कुठे जातात देवाला माहीत. खालचं तोंड बंद केलं की वरच्याचं पाणी जाणार कुठे.

चिखलवाट:

बांधकरी दादा, हे फारच उपयोगी, एका ओळीत पाईप लावायचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि हो, आमच्याकडेही जुन्या पाईपांचा नकाशा नाहीये, "अंदाजे इथून जातात" एवढंच.

लव्हाळी ताई, उद्दिष्टात चारही लिहिलेली आहेत 🙂 त्यातलं पाणी शुद्ध करण्याचं कोणी मोजलंय का इथे? सॅम्पल महिन्यातून एकदा घेतलं तर चालेल का?

थेंबमोज:

महिन्यातून एकदा घेतलंत तर तुम्हाला महिन्यातून एकदाचं उत्तर मिळेल, पाणथळीचं नाही मिळणार. नायट्रेटचं बघा, वर्षाचा बहुतेक माल मोजक्या मोठ्या पावसांत आणि त्यानंतरच्या निचऱ्यात वाहून येतो. तुम्ही नेमके शांत दिवशी बाटली भरायला गेलात तर आत १० बाहेर २ असं झकास दिसेल आणि रिपोर्टात "८० टक्के शुद्धीकरण" छापून येईल, पण ज्या दिवशी खरा लोंढा आला त्या दिवशी पाणी पाणथळीत काही तासच थांबलं आणि तसंच्या तसं पुढे गेलं, ते तुम्ही पाहिलंच नाही. नुसती तीव्रता मोजू नका, प्रवाह पण मोजा आणि दोन्हीचा गुणाकार करा, किती किलो आत आलं आणि किती किलो बाहेर गेलं. प्रवाह मोजायला तुमचं ते फळ्यांचं दार चालेल, फळीवरून पाण्याचा थर किती जाड वाहतोय त्यावरून हिशेब निघतो. आत येणारं पाणी मोजणं अवघड, कारण ते चार ठिकाणांहून झिरपत येतं, निदान मुख्य चर तरी पकडा.

पाणथळीचा आकारही बघा. अमेरिकेतल्या आयोवामध्ये मक्या-सोयाबीनच्या शेतांखालच्या निचऱ्याचं पाणी अडवायला खास योजनेत पाणथळी बांधल्यात, तिथे पाणथळीचं क्षेत्र वरच्या पाणलोटाच्या ०.५ ते २ टक्के धरतात आणि नीट जागी बसलेल्या पाणथळी वर्षाच्या नायट्रेटपैकी साधारण ४० ते ७० टक्के काढून टाकतात. म्हणजे तुमची जागा मोठ्या पाणलोटाच्या तोंडाशी चिमूटभर असेल तर कितीही निरोगी असली तरी आकडा लहानच येणार, आणि नुसत्या स्वतःवर पडणाऱ्या पावसावर भरत असेल तर शुद्ध करायला नायट्रेटच येत नाही. दोन्हीत दोष पाणथळीचा नाही, जागा निवडणाऱ्याचा. नायट्रेट काढणारे जिवाणू थंडीत मंदावतात, तेव्हा लोंढा थंडीत येतो की उन्हाळ्यात यावरही बरंच आहे.

आता फॉस्फरस, हे कोणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. नायट्रेट वायू होऊन उडून जातं, फॉस्फरस कुठे जात नाही, तो मातीतच साठतो. वर्षानुवर्षं खत खाल्लेली जमीन पाण्याखाली घातली की ऑक्सिजन संपतो, लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटतो आणि पाण्यात येतो. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तुमची पाणथळ फॉस्फरस अडवण्याऐवजी पुरवते! अमेरिकेतल्याच ओरेगॉनमध्ये अप्पर क्लॅमथ सरोवराच्या काठी विल्यमसन नदीच्या मुखाशी जुनी शेतजमीन परत पाण्याखाली आणायला २००७ च्या ऑक्टोबरमध्ये स्फोटकं लावून बांध उडवले होते, तिथे पूर आल्यावर मातीतून फॉस्फरस सुटलेला मोजलाय, आणि ते सरोवर आधीच शेवाळाने त्रस्त. पण त्याच जागी तिथल्या धोक्यात आलेल्या सकर माशांची पिल्लं वाढायला लागली, ज्यासाठी खरं तर तो खटाटोप होता. आता याला यश म्हणा नाहीतर अपयश, दोन्ही रकाने भरावे लागतात.

हे आधी कळू शकतं. पाणी सोडायच्या आधी मातीचा नमुना तपासायचा, लोह आणि फॉस्फरस यांचं प्रमाण बघायचं. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या जमिनींत मोलच्या (वजनाच्या नव्हे, अणूंच्या संख्येच्या) हिशेबात लोह फॉस्फरसच्या दहापट किंवा जास्त असेल तर सुटणं कमी, त्याखाली असेल तर सावध. नेदरलँड्समध्ये तर काही ठिकाणी वरचा खतावलेला थरच खरवडून काढतात. तुमचं पाणी सोडून झालंय म्हणा, पण बाहेर जाणाऱ्या पाण्यात विरघळलेला फॉस्फरस तेवढा नक्की बघा, उन्हाळ्याच्या शेवटी विशेष करून.

दुर्बीणवाला:

पक्ष्यांना सगळेच नावं ठेवतायत म्हणून लिहितो. पक्षी वाईट निर्देशक नाहीत, यादी वाईट निर्देशक आहे. जातींची यादी ही तुम्ही किती वेळ उभे होतात याचं माप असते, जास्त वेळ उभे राहा, जास्त जाती मिळतील, त्यात वाटेने उडत गेलेली घारसुद्धा येते. मोजायचं असेल तर ठरलेली जागा, ठरलेली मिनिटं, ठरलेला ऋतू, आणि तेच बाकीच्या दोन जागांवर पण. आणि बसलेले किती यापेक्षा घरटी किती, त्यातून पिल्लं किती उडाली ते बघा. आकर्षक दिसणारी जागा सापळा पण असू शकते. पाणी अचानक चढवलं, तुमचं ते दार कोणीतरी बंद केलं, की काठावरची टिटवीची, शेकाट्याची सगळी अंडी बुडाली. पक्ष्यांची यादी तशीच भरगच्च, वंशवाढ शून्य.

आणि शेतीच्या मधोमध पक्षी वाढले म्हणजे निव्वळ आनंदीआनंद नसतो. इस्राएलमधलं हुला खोरं बघा. १९५० च्या दशकात तिथलं तळं आणि दलदल शेतीसाठी आटवली, पीटची माती वाळून खचली, जमिनीखाली आगी लागायला लागल्या, आणि नायट्रेट वाहून खालच्या किन्नेरेट (गॅलिली) सरोवराकडे जायला लागलं. मग १९९४ मध्ये एका भागात परत पाणी सोडलं. क्रौंच आले, हजारोंच्या संख्येने, आणि शेतांत उतरायला लागले, आता त्यांना एका राखीव शेतात मका टाकून खायला घालतात म्हणजे बाकीची पिकं वाचतील. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये बर्ड फ्लू आला आणि पाच हजारांवर क्रौंच तिथेच मेले. पक्ष्यांचा आकडा हेच यश धरलं तर हुला जगात अव्वल, पण त्या आकड्यामागे मक्याची गाडी आहे.

बांधकरी:

पिकात उतरणाऱ्या बदकांचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा तेवढं सांगा म्हणजे झालं.

दुर्बीणवाला:

त्याच वहीत लिहायचा दादा, विनोद नाही करत. पाणथळीपासून किती अंतरावर किती वाफ्यात नुकसान, दोन-तीन हंगाम. मी स्वतः असं करायला तयार असतो, पण प्रकल्पवाल्यांना तो तक्ता रिपोर्टात नको असतो.

लव्हाळी:

पाणकणसाबद्दल राहिलंच. चिखलवाट, तुमचा तुकडा किती वर्षं निचऱ्याखाली होता ते शोधून काढा, वनस्पतींचं जवळजवळ सगळं भविष्य त्यावर आहे. मातीत जुन्या वनस्पतींचं बी झोपलेलं असतं, पण ते कायमचं टिकत नाही. आयोवातल्या प्रेअरी खड्ड्यांवर, म्हणजे गवताळ मैदानातल्या सखल पाणथळींवर, व्हॅन डर व्हाल्क आणि गॅलाटोविच या संशोधकांनी बराच काळ काम केलं, पाईप फोडून पाणी परत आणलेल्या कितीतरी जागा बघितल्या. निचरा जितका जुना तितकं बी कमी उरलेलं. पाणी परत आलं की पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती आणि पाणकणीस झटपट येतात, बदकांच्या पायाला चिकटून, वाऱ्यावर, कसंही. पण काठावरचा जो पट्टा असतो, अर्धा वेळ ओला अर्धा वेळ सुका, लव्हाळ्यांचा आणि ओल्या कुरणाचा, तो येतच नाही, कारण त्यांचं बी लांब जात नाही आणि मधे सगळी शेतं. मग पुढे बारा-पंधरा वर्षांनी बघावं तर त्या रिकाम्या काठावर परकं कॅनरी गवत आणि संकरित पाणकणीस ठाण मांडून बसलेलं. थांबलं की सगळं आपोआप येईल हा भ्रम आहे.

याच्या उलटचं उदाहरणही देते म्हणजे एकांगी वाटायला नको. अमेरिकेतल्या ओहायोत ओलेंटँजी नदीकाठी १९९४ मध्ये मिट्श या संशोधकाने दोन सारख्या पाणथळी बनवल्या, एक-एक हेक्टरच्या, एकीत १३ जाती लावल्या, दुसरीत काहीच नाही, दोन्हीत नदीचं पाणी सारखं सोडत राहिले. लावलेल्या बाजूला विविधता जास्त राहिली, न लावलेल्या बाजूला पाणकणीस आणि एकूण हिरवा माल जास्त. पण पंधरा वर्षांच्या हिशेबात बऱ्याच बाबतीत दोन्ही एकमेकींच्या जवळ आल्या. मात्र तिथे नदी रोज बी आणून टाकत होती, तुमच्या शेताच्या मधल्या खड्ड्याला तशी नदी नाही.

म्हणून "ऐंशी टक्के हिरवं" मोडीत काढा. काठापासून खोल पाण्यापर्यंत एक दोरी ताणा, ठरावीक अंतरावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका, आत कुठल्या जाती आणि किती टक्के ते लिहा. मग जातींना सारखं धरू नका. कुठेही उगवणाऱ्या तणाला शून्य आणि फक्त न बिघडलेल्या जागीच टिकणाऱ्या जातीला दहा, असे गुण देण्याची पद्धत वनस्पतिशास्त्रज्ञ वापरतात, तशी तुमच्या भागातल्या जाणकाराकडून यादी करून घ्या. तीस जाती सगळ्या शून्य-एक गुणांच्या, यापेक्षा बारा जाती ज्यात दोन-तीन सात-आठच्या आहेत ते कितीतरी चांगलं.

पाटपाणी:

मी थोडं उलट बोलणार. वाचून वाचून प्रश्नकर्त्या घाबरून जातील. लॉगर, चौकटी, किलोचा हिशेब, घरटी, शेजारचे पाईप, हे सगळं चार-पाच माणसांनी करायचं म्हटलं तर दुसऱ्या वर्षी वही बंद. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकल्पांत मोजणी कमी पडली म्हणून जागा बिघडली असं झालं नाही, बांधाला उंदरांनी, खेकड्यांनी भोकं पाडली आणि कोणाचंच लक्ष नव्हतं म्हणून बिघडली. मोजायचं ते असं निवडा की आकडा हलला तर तुम्ही काहीतरी करणार आहात. पातळी घसरली तर बांध बघणार. पाणकणीस अमुक रेषेच्या पुढे गेलं तर पाणी उतरवून कापणार, आणि कापल्यावर वर पाणी चढवणार म्हणजे खुंट बुडून मरेल. जो आकडा कसाही आला तरी तुम्ही काही करणार नाही, तो आकडा गोळा करू नका.

मुदतीचं म्हणाल तर अमेरिकेत पाणथळ बुजवली त्याबदल्यात दुसरी करून द्या असा नियम आहे, तिथे २००८ च्या नियमांत देखरेख कमीत कमी ५ वर्षं धरलीय. त्याआधी २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आढावा घेऊन सरळ म्हटलं होतं की "पाणथळींत निव्वळ घट नको" हे ध्येय गाठलं जात नाहीये. पाच वर्षं ही कारकुनी मुदत आहे, निसर्गाची नव्हे. पण पाच वर्षांनी दिशा कळते, एवढं तरी.

थेंबमोज:

"जो आकडा कसाही आला तरी काही करणार नाही तो गोळा करू नका" याला अर्धी सहमती. बाहेर जाणाऱ्या फॉस्फरसचा आकडा आला तरी तुम्ही फार काही करू शकणार नाही हे खरं, पण पुढच्या माणसाला माती आधी तपासायची अक्कल त्यामुळेच येते. वाईट निकाल छापले जात नाहीत म्हणून प्रत्येक जण तेच खड्डे परत खणतो.

चिखलवाट:

सगळ्यांचे आभार, आज सकाळी दोघं-तिघं बसून हा धागा परत वाचला. पाटपाणींचं पटलं की सगळं झेपणार नाही. सध्या असं ठरतंय: पातळीचा दांडा, बांधाच्या दोन्ही बाजूंना ओळीत भूजलाचे पाईप (वरच्या शेतकऱ्यांनी स्वतः मोजायला होकार दिलाय, तेच वाचणार तेच लिहिणार), काठावर तीन दोऱ्या नि चौकटी, आणि रंगवलेले पाईप. पाण्याचं सॅम्पल मोठ्या पावसानंतरच घेणार, बाकी दिवशी नाही. तुलनेला न आटवलेली एक पाणथळ सापडलीय, पण तिच्यात गुरं उतरतात, चालेल का? आणि एक राहिलं, कोणीतरी आम्हाला म्हणालं की पाणथळीतून मिथेन निघतो म्हणून हवामानाच्या दृष्टीने हे सगळं उलट नुकसानीचंच, त्यात तथ्य किती?

लव्हाळी:

गुरं उतरतात म्हणून टाकून देऊ नका, पूर्ण अस्पर्श जागा शेतीच्या मुलखात मिळत नाही. फक्त गुरं कधी, किती, कुठल्या कडेने उतरतात ते लिहून ठेवा, आणि दोरी गुरांच्या वाटेवर ताणू नका.

मिथेनचं तथ्य आहे. पाणी चढलं की ऑक्सिजन संपतो आणि मिथेन वाढतो, ताज्या कुजणाऱ्या हिरव्या मालावर तर जास्तच. पण निचरा केलेली पीटसारखी सेंद्रिय माती वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड सोडत असते, ते पाणी चढवल्यावर थांबतं, आणि मिथेन वातावरणात दशकभरच टिकतो. त्यामुळे पीट असेल तर लांबच्या हिशेबात पाणी चढवणं फायद्याचं, साध्या मातकट जमिनीत उत्तर तितकं सरळ नाही. तुमची माती कुठली आहे?

चिखलवाट:

काळी चिकण आहे, पीट नाही.

बांधकरी:

चिकण मातीत भूजलाचे पाईप लावताना एक करा, पाईपाच्या भोवती भोकांच्या उंचीपर्यंत वाळू भरा आणि वरचा हातभर भाग चिकण मातीने घट्ट ठासा, नाहीतर पावसाचं पाणी पाईपाच्या कडेने वरून सरळ आत उतरतं आणि तुम्हाला वाटतं भूजल चढलं. आणि वर टोपण बसवा, बेडूक जातात आत.